खिशात मावणारा बायोडाटा
नोकरीच्या वाटेवर : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण तीन पानी बायोडाटा एका पानावर आणला. आज त्यातलं सार व्हिजिटिंग कार्डाएवढ्या जागेत बसवायचं आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या परिसरात नमो महारोजगार मेळावा झाला. पुढच्याच महिन्यात नागपुरात ‘अ‍ॅडव्हांटेज विदर्भ’ हा औद्योगिक महोत्सव भरला. उद्योगांतली माणसं दोन्हीकडे भेटतात, पण भेटीची तऱ्हा वेगळी. रोजगार मेळाव्यात बायोडाटा मागून घेतात आणि तो गठ्ठ्यात जातो. औद्योगिक महोत्सवात तो कुणी मागत नाही. बुटीबोरीचा एखादा कारखानदार स्टॉलपाशी दोन मिनिटं बोलतो आणि पुढे निघतो. त्याच्या हातात भलामोठा कागद दिला, तर तो ठेवायचा कुठे? कार्ड मात्र सहज खिशात जातं.

पुढे ते कार्ड कुणाच्या तरी टेबलावर पोचतं. कारखानदार ते एचआरच्या बाईंना देतो, शेजारचे काका आपल्या सुपरवायझरला दाखवतात. म्हणजे कार्ड वाचणारा माणूस बहुतेकदा तुम्हाला भेटलेलाच नसतो. म्हणून कार्ड करताना कसोटी एकच ठेवा : मी समोर नसताना हे वाचून मला काय येतं ते कळेल का?

या कसोटीवर ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड’ ही ओळ टिकत नाही. ती कुणीही लिहू शकतो. हिंगणा एमआयडीसीत काम शोधणाऱ्या मुलाने लिहावं : ‘सीएनसी टर्निंग ऑपरेटर. ड्रॉइंग वाचून सेटिंग करतो.’ बीकॉम झालेल्या मुलीने लिहावं : ‘अकाउंट्स असिस्टंट. टॅलीत नोंदी, जीएसटी रिटर्नची तयारी.’ खाली एक पुरावा द्यावा, आयटीआयचा ट्रेड किंवा अप्रेंटिसशिप कुठे केली ते. मग मोबाइल, ईमेल आणि गाव. ‘काटोल, नागपुरात राहायची तयारी’ एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याचा एक प्रश्न सुटतो. आधार क्रमांक, जन्मतारीख, घराचा पूर्ण पत्ता अजिबात नको. कार्ड कुणाच्या हाती जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

भाषेचाही विचार करा. मिहानमधल्या आयटी कंपनीला इंग्रजी बाजू लागेल, तर छोट्या वर्कशॉपच्या मालकाला मराठी बाजू जवळची वाटेल. म्हणून दोन बाजूंना दोन भाषा ठेवा. देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा थोडं मोठं घ्या, कारण वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते. दहा पॉइंटच्या खाली जाऊ नका. मजकूर मावत नसेल, तर अक्षर बारीक न करता एक ओळ काढून टाका.

आता छपाई. आपल्याकडे कार्डाचं रूढ माप साधारण ९० बाय ५४ मिलिमीटर. कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत काहीही नको, नाहीतर कटिंगमध्ये अक्षर जाईल. छपाईवाल्याकडे फाइल पीडीएफमध्येच द्या. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफवर स्वतःच्या नावापासून प्रत्येक अक्षर तपासा. कागद ३०० जीएसएमचा, बिनचकाकीचा घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर पेन चालत नाही आणि समोरच्याला तर तिथेच ‘सोमवारी फोन’ असं टिपून ठेवायचं असतं. त्यासाठी थोडी जागा मोकळी सोडा.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. तुमच्या कार्डावर तो एका पानाच्या बायोडाटापर्यंत नेईल. कोड किमान दोन सेंटिमीटरचा ठेवा, भोवती पांढरी जागा सोडा आणि छापण्यापूर्वी दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडून पाहा. ड्राइव्हवरची फाइल सगळ्यांसाठी खुली केलेली नसेल, तर समोरच्याला परवानगी मागणारं पान दिसेल आणि तो तिथेच थांबेल.

ज्याचा मामा कंपनीत मॅनेजर आहे, त्याचं नाव आधीच तिथे पोचलेलं असतं. उमरेड-रामटेकहून एसटीने नागपुरात येणाऱ्या, घरातल्या पहिल्याच पदवीधर मुलीच्या वतीने बोलणारं तिथे कुणी नसतं. तिच्या अंगी कौशल्य असूनही ‘आपली कुठे ओळख नाही’ म्हणून ती मागे राहते, हे मला मान्य नाही. ओळख करून द्यायचं थोडं काम हे कार्ड नक्की करतं, म्हणून त्यावरची प्रत्येक ओळ खरी आणि नेमकी हवी.

या आठवड्याचा गृहपाठ : आधी साध्या कागदावर कार्ड लिहा आणि तुमच्या क्षेत्राबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या. ‘मला काय काम येतं?’ एवढंच विचारा. उत्तर चुकलं तर ओळ बदला. बरोबर आलं तरच छापायला टाका, आणि पहिल्या खेपेला शंभरच छापा. कार्ड हातात देताना काय बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर काय लिहायचं, ते पुढच्या लेखांकात.