प्लेटलेटचा आकडा आणि रक्तस्रावाची भीती

डेंग्यूच्या दिवसांत तिरल्याहून धारला आणि तिथून इंदूरला रुग्ण हलवावा असे घरच्यांना वाटते, ते अनेकदा एका आकड्यामुळे: प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) 40 हजारांवर आल्या. निरोगी माणसात त्या मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख असतात, तेव्हा धास्ती साहजिक आहे. पण आकडा उतरला म्हणजे रक्तस्राव होणारच, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. सिंगापूर-मलेशियातील 372 प्रौढ रुग्णांची चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. सर्वांच्या प्लेटलेट 20 हजार किंवा त्याहून कमी होत्या. प्लेटलेट चढवलेल्यांपैकी 21 टक्क्यांना रक्तस्राव झाला, न चढवलेल्यांपैकी 26 टक्क्यांना. हा फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. अंगावर गांधी उठण्यासारखे त्रास मात्र चढवलेल्यांत जास्त दिसले.

मग पाहायचे काय? प्लेटलेटचा आकडा देणाऱ्या त्याच सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचा हिस्सा) छापलेला असतो आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. आमटी आटली की दाट होते, डाळ काही वाढत नाही. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि रक्त तसेच दाटते. प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट चढू लागला तर धोका खरा. तो एकाएकी घसरला आणि रुग्ण गळाठला, तर आतल्या रक्तस्रावाची शंका घ्यावी लागते. मग प्लेटलेट मोजायच्याच कशाला, असे कोणी विचारील. मोजायच्या, कारण त्यांची उतरण आजाराची दिशा सांगते. रक्तस्राव सुरू असेल किंवा आकडा 10 हजारांखाली गेला, तर त्या चढवण्याचा विचार डॉक्टर करतातच. ताप ओसरल्यावरचे दोन दिवस सर्वांत जपण्याचे. त्या काळात पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा काळी शौच दिसली, तर आकडा कितीही असो, थांबू नये.