बाई, हे कुठून आलं?

काही वर्षांपूर्वी 14 ऑगस्टच्या परिपाठात मी छाती फुगवून सांगितलं, की युनेस्कोने 'जन गण मन' हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलंय. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बातमी आली होती आमच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आठवडाभराने कळलं, की युनेस्को राष्ट्रगीतांचे नंबर काढतच नाही आणि ही थाप 2008 पासून फिरते आहे. थाप माइकवरून मारली होती, म्हणून चूकही माइकवरूनच कबूल केली. तेव्हापासून आमच्याकडे शनिवारचा शेवटचा तास 'खरं-खोटं'चा.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवीला मराठी शिकवते. पहिल्या तासाला मी इंटरनेटचं नावही काढलं नाही. त्याआधी मधल्या सुट्टीतच माझा फोन मुलांच्या हातात दिला आणि शाळेच्या नळाचे फोटो काढायला सांगितले. एकाने गुडघ्यावर बसून, अगदी जवळून फोटो काढला. त्यात नुसते हात, बाटल्या, ढकलाढकली. दुसरीने जिन्यावरून काढला. त्यात नळावर सहा मुलं, बाकीचं मैदान मोकळं. पहिल्याखाली ओळ आली, 'शाळेत पाण्यासाठी झुंबड'. दुसऱ्याखाली, 'नळावर तुरळक गर्दी'. नळ एक, वेळ एक, फोटो दोन्ही खरे. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, झुंबडवालाच पाठवा, नवीन टाकी तरी मिळेल!" बातमीत काय दाखवलं यापेक्षा काय चौकटीबाहेर राहिलं आणि त्यात कोणाचा फायदा, हे त्या एका वाक्यात मुलांना कळून गेलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकाने नासाचा फोटो आणला. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा, रंगीबेरंगी भारत. दरवर्षी येतो, तुम्हीही पाहिला असेल. गूगल लेन्समध्ये टाकून त्याचं मूळ शोधलं. ते चित्र एका रात्रीचं नाहीच. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि सागर संस्थेतल्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकावर एक ठेवून ते केलं होतं, वाढत्या वस्तीसोबत दिवे कसे वाढले ते दाखवायला. पांढरे दिवे 1992 च्या आधीचे. निळे 1992 मधले, हिरवे 1998 मधले आणि लाल 2003 मधले. नासाने नोव्हेंबर 2012 मधलं दिवाळीच्या वेळचं खरं चित्रही दिलं होतं. त्यात भारत नेहमीच्या रात्रीसारखाच दिसतो, कारण पणत्यांचा जास्तीचा उजेड अवकाशातून जाणवण्याइतका नसतो. मुलं हिरमुसली. पण एक मुलगी म्हणाली, "बाई, खरं चित्र तर जास्त भारी आहे. अकरा वर्षांत किती गावांत वीज आली ते दिसतंय की!" मला फार बरं वाटलं. खोटं उघडं पाडून थांबायचं नसतं, त्यामागचं खरं हाती लागायला हवं.

एका तासाला मात्र कोणी हसत नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी समजून. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. म्हणजे आमच्याच भागातले. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात. तो मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेसाठी जागृती करायला मुद्दाम तयार केलेला. मूळ व्हिडिओत ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. फिरवणाऱ्याने तेवढाच शेवट कापला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल असं बंधन घातलं. पुढे, खूप फिरलेल्या निरोपावर दोन बाणांची खूणही आली. मी मुलांना सांगते, दोन बाण दिसले की अंगठा थांबवा. केरळात कण्णूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी 2018 मध्ये सरकारी शाळांतून असेच तास सुरू केले होते. म्हणजे हे काही माझ्या एकटीचं खूळ नव्हे.

अवघड भाग लेन्सचा नाहीच, घरचा आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने आजोबांनी पाठवलेला औषधाचा निरोप घरच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत खोटा ठरवला. आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिची माहिती बरोबर होती, पण आजोबांच्या मनातून तो निरोप काही गेला नाही, उलट घट्ट बसला. मग आम्ही वर्गात त्याचाच सराव केला. एकाने आजोबा व्हायचं, एकाने नात. नियम ठरले : ग्रुपवर नाही, आजोबांच्या शेजारी बसून. 'खोटं आहे' म्हणायचं नाही, 'आबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं?' असं विचारायचं. मग दोघांनी मिळून शोधायचं. मोठ्यांचा मान राखून प्रश्न विचारणं हे व्याकरणापेक्षा अवघड आहे, आणि ते पाठ्यपुस्तकात नाही.

गेल्या महिन्यात परिपाठाची पाळी आमच्या वर्गाची होती. फळ्यावर मी सुविचार लिहिला, खाली 'स्वामी विवेकानंद'. माझ्या जुन्या वहीतून उतरवलेला. सहावीतला एक बारका पोरगा रांगेतून पुढे आला, हात मागे बांधून हळूच म्हणाला, "बाई, हे विवेकानंद कुठे म्हणाले?"

मला सांगता येईना. मी डस्टर घेतलं आणि खालचं नाव पुसलं. त्या दिवशीचा सुविचार बिननावाचाच राहिला.