कापलेली वेणी पुढे कुठे जाते?

गेल्या काही वर्षांत ‘केशदान’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. कोणी वाढदिवसाला, कोणी बारावीची परीक्षा संपल्यावर, तर कोणी घरातल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी फूटभर वेणी कापून देते. ती हातात धरून काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो, कौतुक होते. पण ती वेणी कोणत्या मुलांसाठी उपयोगी पडते, तिचा विग कसा होतो आणि त्या मुलाला खरोखर काय हवे असते, याची चौकशी फार थोडे जण करतात. दान सत्कारणी लागायचे असेल तर कात्री लावण्याआधीच एवढे माहीत हवे.

मुलांचे केस का जातात?

माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यांपैकी ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था २ ते ६ वर्षे चालते. मग केसाची वाढ थांबते, सुमारे ३ महिने तो तसाच राहतो आणि गळून पडतो. म्हणूनच रोज ५० ते १०० केस गळणे हे नैसर्गिक मानले जाते.

वाढणाऱ्या केसाच्या मुळाशी पेशींचे विभाजन अतिशय वेगाने सुरू असते. केमोथेरपीची अनेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालतात. समोरची पेशी कर्करोगाची आहे की केसाच्या मुळाची, हा फरक त्यांना करता येत नाही. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांत उशीवर आणि कंगव्यात केसांचे पुंजके दिसू लागतात.

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ हा रक्ताचा कर्करोग. त्याचे उपचार २ ते ३ वर्षे चालतात. सुरुवातीच्या महिन्यांतील तीव्र औषधांमुळे केस जातात. पुढे औषधांची तीव्रता कमी झाली की बहुतेक मुलांचे केस परत येतात. म्हणजे या मुलांची गरज काही महिन्यांची असते. मेंदूच्या गाठीसाठी डोक्याला मोठ्या प्रमाणात रेडिएशन द्यावे लागले, तर मात्र काही भागातले केस कायमचे विरळ राहू शकतात. डोक्याची त्वचा खोलवर भाजली असेल तर तिथे केस पुन्हा उगवत नाहीत.

दुसरा मोठा गट चाईच्या रुग्णांचा. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच केसांच्या मुळांवर हल्ला करते. सुमारे २ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो आणि तो अनेकदा लहानपणीच सुरू होतो. बहुतेकांना नाण्याएवढे एकदोन चट्टे पडतात आणि ते भरूनही येतात. काही मुलांच्या मात्र डोक्यावरचे सगळे केस जातात, कधी भुवया आणि पापण्याही जातात. १२ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या तीव्र चाईच्या रुग्णांसाठी अमेरिकेत २०२३ मध्ये रिटलेसिटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. पण अशी औषधे सर्वांना लागू पडत नाहीत आणि ती थांबवल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात. या मुलांना विग लागला तर तो वर्षानुवर्षे लागतो, शिवाय डोके वाढेल तसा बदलावाही लागतो.

एका वेणीचा विग होत नाही

घरोघरी जमवलेला गुंतवळ घेऊन त्या बदल्यात भांडी किंवा फुगे देणारे फेरीवाले महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी पाहिले आहेत. त्या केसांना बाजारात किंमत मिळते. मग केशदानात गुंतवळ का चालत नाही? कारण केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांचा कल मुळाकडून टोकाकडे असतो. गुंतवळात काही केसांचे मूळ वर, काहींचे खाली, अशी सरमिसळ झालेली असते. असे केस विगमध्ये बसवले तर खवले एकमेकांत अडकतात आणि केसांचा गुंता होतो. तो टाळायचा तर खवले रसायनाने काढावे लागतात आणि केसाचा कस जातो. बांधून कापलेल्या वेणीत सगळ्या केसांची दिशा एकच राहते. तिचे मोल आहे ते यामुळे.

कारागीर या वेण्या रंग, पोत आणि लांबीनुसार निवडतात. वेणी फूटभर दिसली तरी त्यातले सगळे केस फूटभर नसतात. आखूड केस वेगळे काढावे लागतात. जाळीच्या टोपीत एकेक केस किंवा बारीकशी बट दुमडून गाठ मारली जाते, त्यातही लांबी जाते. म्हणूनच अनेक संस्था किमान १२ इंचांची अट घालतात आणि एका विगसाठी अनेक जणांच्या वेण्या लागतात. ब्लीच केलेले केस या प्रक्रियेत टिकत नाहीत, त्यामुळे ते सहसा नाकारले जातात. मेंदी, रंग किंवा स्ट्रेटनिंग केलेल्या केसांबाबत प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात.

संयमाचे दान

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे १२ इंच वाढवायला दोन ते अडीच वर्षे लागतात. ल्युकेमियाच्या मुलाचे उपचारही जवळपास तेवढेच चालतात. टोके छाटल्याने किंवा भरपूर तेल लावल्याने केस वेगाने वाढत नाहीत, कारण वाढ मुळाशी होते. तेलाने केस तुटणे कमी होते एवढेच. या दोन-अडीच वर्षांत उन्हाळा, घाम आणि गुंता सोसावा लागतो. मुलगा केस वाढवत असेल तर शाळेचे नियम आणि गल्लीतली चेष्टाही वाट्याला येते. अशा वेळी शाळेला आधी कल्पना दिली तर मुलाची बाजू भक्कम होते.

कापण्याच्या दिवशी केस धुऊन पूर्ण वाळवावेत. तेल आणि ओल नको, कारण ओलसर वेणीला पाकिटात बुरशी लागते. वेणी किंवा पोनीटेल दोन्ही टोकांना घट्ट बांधून वरच्या रबरबँडच्या वर कात्री लावावी. जमिनीवर पडलेले केस गोळा करून देण्यात अर्थ नसतो. लांब केसांना बाजारभाव असल्याने देण्यापूर्वी संस्थेला काही प्रश्न थेट विचारावेत: विग कोण तयार करते, तो रुग्णाला मोफत मिळतो का, मुलांच्या मापाचे विग असतात का? जाळी आणि कारागिरी यांचा खर्च मोठा असतो, त्यामुळे ज्यांना केस देणे शक्य नाही त्यांची आर्थिक मदतही तितकीच उपयोगी पडते.

मुलाला काय हवे?

मुंबईतल्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी देशभरातून कुटुंबे येतात. अनेक जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिनोन् महिने राहतात. तिथे शेजारच्या मुलाच्या डोक्यावरही केस नसतात, त्यामुळे कोणी वळून पाहत नाही. प्रश्न सुरू होतो तो गावी आणि शाळेत परतल्यावर. केस काढणे आपल्याकडे नुसते केस काढणे नसते. बाळाचे जावळ कौतुकाने काढले जाते, तिरुपतीला केस श्रद्धेने वाहिले जातात. पण बाईचे केशवपन पिढ्यान् पिढ्या वैधव्याची खूण होती. केस नसलेल्या मुलीकडे लोक टक लावून बघतात, त्यामागे हा इतिहासही आहे.

अशा मुलीला विगमुळे वर्गात बसण्याचा धीर येत असेल तर ती मोठीच मदत आहे. मात्र विग हा उपचार नव्हे आणि सक्तीही नव्हे. उपचारात त्वचा नाजूक झालेली असते, उकाड्यात विग टोचतो, खेळताना घसरेल ही धास्ती असते. पुष्कळ मुलांना मऊ सुती टोपी किंवा रुमाल पुरतो. काहींना तोही नको असतो. निवड मुलाची असावी. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मोठ्यांनी विग चढवला, तर केस नसणे ही लपवण्याची गोष्ट आहे, एवढेच ते मूल शिकते.

जपानमधील ओसाका येथे २००९ पासून केशदानाचे काम करणारी संस्था मुलांना मोफत विग देते आणि त्याच वेळी, विगची गरजच भासू नये असा समाज हवा, असेही सांगते. वेणी देणाऱ्या घराला या कामातही हातभार लावता येतो. केमोथेरपीने गेलेले केस किंवा चाई संसर्गजन्य नसते, त्या मुलाबरोबर डबा खाता येतो, खेळता येते आणि त्याची टोपी ओढायची नसते, एवढे आपल्या मुलांना सांगायला दोन वर्षे लागत नाहीत.