जनुकातील न बदलणारी अक्षरे

अमळनेरहून उत्तरेकडे तापी ओलांडली की चोपडा तालुका लागतो आणि पुढे सातपुड्याचा पायथा सुरू होतो. या पट्ट्यात, तसेच धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. विदर्भातही तो आहे. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला तीव्र वेदना होतात. एवढ्या मोठ्या दुखण्याचे मूळ मात्र एका अक्षरात आहे.

मानवी डी.एन.ए.च्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. अक्षरांचे प्रकार चारच: ए, टी, जी आणि सी. जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि त्यावरून प्रथिनातील एक अ‍ॅमिनो आम्ल ठरते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत अशी १४६ आम्ले असतात. सहाव्या जागी जी-ए-जी ऐवजी जी-टी-जी आले, की ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येते. आम्लांतील हा फरक व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ साली दाखवून दिला.

परंतु प्रमाण नमुन्याशी ताडून पाहिले तर प्रत्येकाच्या डी.एन.ए.त ४० ते ५० लाख फरक सापडतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. मग घातक कोणते, हे कसे ओळखावे?

बैलगाडीचे उदाहरण घेऊ. गावोगावच्या गाड्या पाहा. रंग निराळे, नक्षी निराळी. पण आसाची खीळ नाही अशी गाडी सापडणार नाही. ज्या गाडीची खीळ निघाली, ती चालली नाही. गाड्यांतले काहीही न कळणारा माणूससुद्धा शंभर गाड्या पाहून सांगू शकेल, की खीळ महत्त्वाची आहे.

शास्त्रज्ञ हेच करतात. माणूस, उंदीर, गाय अशा अनेक प्राण्यांचे जनुक ते एकाखाली एक मांडतात. कोट्यवधी वर्षांत जे अक्षर बदलले नाही, त्याला मोठा गुण मिळतो. जे सहज बदलले, त्याला लहान. ‘जीनोम ब्राउझर’ नावाच्या संगणकीय नकाशात हे गुण उभ्या रेघांनी दाखवतात. एका प्रसिद्ध ब्राउझरमध्ये जपलेल्या अक्षरांची रेघ शून्याच्या वर, निळी असते आणि झपाट्याने बदललेल्यांची खाली, लाल. हजारो अक्षरांतून नेमके कोठे थांबून पाहायचे, हे डोळ्यांना क्षणात कळते.

बीटा साखळीतील ९२ वे आम्ल हिस्टिडिन. ते लोह धरून ठेवते, आणि लोहाला ऑक्सिजन चिकटतो. माणूस, उंदीर, गाय, कोंबडी या सर्वांत ते तसेच आहे. ही झाली आपली खीळ!

आता सहावी जागा पाहू. उंदरात तेथे ॲलॅनिन असते आणि उंदीर मजेत जगतो. म्हणजे ही जागा निसर्गाने तितकी कसोशीने जपलेली नाही. तरीही व्हॅलिन येताच अनर्थ होतो. असे का? हा गुण जागेला मिळतो. तेथे कोण येऊन बसले, हे तो पाहत नाही. व्हॅलिन पाण्यापासून दूर पळणारे आहे. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटते, लांब तंतू तयार होतात आणि पेशी वाकते.

म्हणून रेघ हा इशारा आहे, निकाल नव्हे. आखूड रेघ पाहून ‘येथे धोका नाही’ असे म्हणणे चुकीचे ठरेल.

निकाल रक्ततपासणीच देते. बदललेली एकच प्रत असणारी व्यक्ती वाहक असते. तिला सहसा त्रास होत नाही. उलट तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हा बदल टिकून राहिला. मात्र आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपण वाहक आहोत का, हे लग्नापूर्वीच माहीत असणे म्हणूनच मोलाचे.

शिक्षकांच्या मदतीने एखाद्या जीनोम ब्राउझरमध्ये ‘एचबीबी’ हे जनुक उघडून पाहा. तेथे आरंभीचे आम्लही मोजतात, म्हणून सहावी जागा सातवी आणि ९२ वी जागा ९३ वी दिसेल. दोन्ही ठिकाणच्या रेघा ताडून पाहा.