जुन्या नावावरचा कंस

देगलूरच्या माझ्या छोट्या संगणक केंद्रात एकदा ऐन फॉर्म भरण्याच्या दिवसांत सर्व्हर रुसला. सेटिंगच्या फायलीतली एक ओळ कुणीतरी बदलली होती. पोरे दिवसभर ताटकळली. तो ‘कुणीतरी’ मीच होतो, हे रात्री आठवले!

घरी सातबारा समोर होता. आजोबांच्या नावाला कंस, खाली वडिलांचे नाव, सोबत फेरफार क्रमांक. जुने नाव खोडलेले नाही. गाव नमुना सहामध्ये तो क्रमांक काढा. बदल वारसाने झाला की खरेदीने, मंजुरी कधी मिळाली, सारे कळते. तलाठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली ही शिस्त मला का सुचू नये?

संगणकातही ती आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ लिहिले. लिनक्सच्या सेटिंगचा ‘ईटीसी’ हा कप्पा मी त्यात ठेवला. आता प्रत्येक नोंदीला नाव, वेळ आणि कारण असते. बिघडले तर कालची प्रत परत आणता येते. पथ्य एकच : पासवर्ड त्यात नोंदवू नयेत. ही वही काही विसरत नाही.

माणूस चुकणारच. चूक कुठे झाली हे सापडावे, एवढीच सोय आपल्या हाती असते.