ढलप्यांचे पांघरूण

चूक आमचीच होती, म्हणून ती आधी सांगून टाकतो. एका शाळेच्या बागेला उन्हाळ्यात पाणी पुरत नव्हते. तेथील शिक्षिकेने सल्ला विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो, "जवळच्या वखारीत लाकडाचा भुसा, ढलप्या आणि साली पडून असतात. त्या बागेत घाला, पाणी कमी लागेल." 'घाला' म्हणजे नेमके काय करा, हे सांगायला आम्ही विसरलो.

सातवीच्या मुलांनी मिरचीची रोपे लावून झाल्यावर ढलप्या मातीवर पसरल्या. आठवीच्या मुलांनी जास्त मेहनत घेतली. त्यांनी वाफे खणले, बारीक भुसा मातीत चांगला मिसळला आणि मग रोपे लावली. महिन्याभराने सातवीचे वाफे हिरवेगार होते, तर आठवीच्या वाफ्यांतील रोपे खुरटली होती आणि त्यांची खालची पाने पिवळी पडत होती. आठवीची मुले पाणी घालायचा कंटाळा करतात, असा शाळेत बोलबाला झाला. मुले हिरमुसली. प्रत्यक्षात त्यांनी सातवीइतकेच पाणी घातले होते.

एकच पदार्थ वर पसरला तर औषध आणि आत मिसळला तर अपाय, असे का व्हावे?

मातीवर पांघरूण कशासाठी?

जंगलातली जमीन सहसा उघडी नसते. पाने, काटक्या, सालींचे तुकडे यांचा थर तिच्यावर असतो. बागेत मात्र आपण रोज सकाळी झाडून तो थर काढून टाकतो आणि मग माती का वाळते म्हणून पाणी घालत बसतो.

उघड्या ओल्या मातीवर ऊन थेट पडते, वारा वाफ वाहून नेतो आणि मातीच्या बारीक पोकळ्यांमधून केशाकर्षणाने खालचे पाणी वर चढत राहते. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते तसेच हे आहे. मातीवर ढलप्यांचा थर असला, की ही वात पृष्ठभागाशीच तुटते. ढलप्यांमधल्या फटी मोठ्या असल्याने त्यांतून पाणी चढू शकत नाही. मग पाण्याला वाफ होऊनच, फटींमधल्या स्तब्ध हवेतून सावकाश बाहेर पडावे लागते. शिवाय सावलीमुळे माती कमी तापते.

पावसाळ्यात या थराचे काम वेगळे असते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्याच्या माऱ्याने मातीचे कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. पुढचे पाणी मग मुरण्याऐवजी वाहून जाते. थेंबाचा मार ढलप्यांनी झेलला, तर पाणी हळू उतरते आणि मुरते. अनेक तणांच्या बारीक बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. तो न मिळाल्याने तणही कमी उगवते.

पिवळेपणाचे गणित

आता आठवीच्या वाफ्यांकडे वळू. मातीत पडलेले लाकूड हे जिवाणू आणि बुरशी यांचे अन्न असते. या सूक्ष्मजीवांच्या शरीरात साधारणपणे ८ भाग कर्बामागे १ भाग नत्र असते. त्यांनी अन्नातून १०० ग्रॅम कर्ब घेतला, तर त्यातला सुमारे दोन तृतीयांश श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरलेल्या ३३ ग्रॅम कर्बापासून शरीर बांधायचे, तर सुमारे ४ ग्रॅम नत्र लागते. म्हणजे अन्नात कर्ब व नत्र यांचे प्रमाण २५ ला १ च्या आसपास असेल, तर हिशेब जुळतो.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात हे प्रमाण २० ला १ च्या जवळपास असते. १०० ग्रॅम कर्बाबरोबर ५ ग्रॅम नत्र येते. सूक्ष्मजीवांचे भागून थोडे पिकालाही उरते. लाकडाच्या भुशात मात्र हे प्रमाण ४०० ला १ किंवा त्याहूनही जास्त असू शकते. म्हणजे १०० ग्रॅम कर्बाबरोबर जेमतेम पाव ग्रॅम नत्र! उरलेले पावणेचार ग्रॅम सूक्ष्मजीव आणणार कुठून? ते मातीतल्या पाण्यात विरघळलेले नत्र उचलतात. मुळांनाही तेच हवे असते. पण सूक्ष्मजीव मातीच्या कणाकणावर आधीच बसलेले असल्याने या ओढाताणीत पहिल्यांदा तेच जिंकतात. उपाशी रोप मग जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना पुरवते. खालची पाने आधी पिवळी पडली, ती यामुळेच.

लाकूड जितके बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि ही ओढाताण तीव्र. म्हणून आठवीच्या मुलांनी जितका नीट भुसा मिसळला, तितके नुकसान वाढले.

ढलप्या वर असल्या, तर त्यांचा मातीशी संबंध फक्त तळाच्या पातळ थरात येतो. नत्राची ओढाताण तेवढ्यातच होते आणि रोपाची मुळे तर त्याच्या खाली असतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी अशा आच्छादनांवरील संशोधनाचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध केला आणि वरून पसरलेल्या ढलप्यांबद्दलची भीती बरीचशी निराधार असल्याचे त्या सातत्याने मांडत आल्या आहेत. अपवाद लक्षात ठेवावा तो कोथिंबीर, पालक यांसारख्या वरच्यावर पेरलेल्या बियांचा. त्यांची कोवळी मुळे नेमकी त्या पातळ थरातच असतात.

साल, ढलपी आणि भुसा

या तिघांना एकाच मापाने मोजता येत नाही. साल हे झाडाचे चिलखत असते. तिच्यात सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो, लिग्निन असते आणि पुष्कळदा टॅनिनही असते. बाभळीच्या सालीने चामडे कमावतात ते याच टॅनिनमुळे. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवते आणि सूक्ष्मजीवांचे काम अडवते. त्यामुळे सालीचे आच्छादन सावकाश कुजते आणि जास्त टिकते. पण सावकाश कुजते, म्हणून ते मातीला अन्नही सावकाशच देते.

बारीक फांद्यांच्या ढलप्यांचे उलट आहे. कॅनडातील लावाल विद्यापीठाच्या झील लेमिय यांच्या गटाने १९८० च्या दशकात ७ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या फांद्यांच्या तुकड्यांवर लक्ष केंद्रित केले. जाड खोडाचा गाभा मृत असतो. बारीक फांदीत साल आणि जिवंत पेशी यांचे प्रमाण जास्त असल्याने तिच्यात नत्रही जास्त असते. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी होते, तेव्हा नेमका हाच माल कचऱ्यात जातो. यंत्र नसेल तर कोयत्याने बोटभर लांबीचे तुकडे केले तरी चालते.

नुसत्या बारीक भुशाचा जाड थर मात्र टाळावा. तो दबून त्याची पोळी होते आणि पाणी वरूनच घरंगळते.

काही पथ्ये

थर ७ ते १० सेंटिमीटर पुरेसा होतो. हलकी सर किंवा झारीचे थोडे पाणी हा थरच पिऊन टाकतो, म्हणून पाणी कमी वेळा पण भरपूर द्यावे. ठिबकची नळी असेल तर ती ढलप्यांच्या खाली घ्यावी.

खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. ओल्या ढलप्यांचा ढीग खोडाला टेकला, तर साल कुजते. वाळवीलाही हे खाद्य आवडते, त्यामुळे शाळेच्या भिंतीला आणि लाकडी चौकटींना लागून थर देऊ नये. प्लायवूडचा किंवा रंग आणि रसायने दिलेल्या लाकडाचा भुसा वापरू नये. मोठ्या ओल्या ढिगाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर आत हवा नसल्याने आम्ले तयार झाली आहेत असे समजावे आणि तो आधी पसरून हवेशीर करावा. उन्हाळ्यात जवळपास काहीही पेटवू नये.

पावसाळ्यात ढलप्यांखाली पांढरे धागे दिसले, तर घाबरू नका. ही लाकूड कुजवणारी बुरशी आहे. कधी वर पिवळाधमक फेसासारखा गोळा दिसेल. तो श्लेष्मकवकाचा असतो, रोपांना अपाय करत नाही आणि हळूहळू सरकतो. वर्गाला दाखवायला याहून चांगला पाहुणा नाही!

वर्गात करून पाहा

तळाला भोके नसलेले दोन सारखे डबे घ्या. दोन्हींत सारखीच माती आणि सारखेच पाणी घाला. एकावर ५ सेंटिमीटर कोरड्या ढलप्या पसरा. दोन्ही डबे उन्हात ठेवून रोज ठरावीक वेळी वजन करा आणि आलेख काढा. घटलेले वजन म्हणजे उडून गेलेले पाणी.

दुसऱ्या प्रयोगासाठी मोहरी चार कुंड्यांत लावा: नुसती माती, रोपे आल्यावर वर ढलप्या, मातीत मिसळलेला भुसा, आणि मिसळलेला भुसा अधिक अधूनमधून लिटरभर पाण्यात चिमूटभर युरिया. तिसरी कुंडी पिवळी पडून चौथी हिरवी राहिली, तर दोष भुशाचा नसून नत्राच्या टंचाईचा, हे मुलांनाच कळेल. मेथी मात्र घेऊ नका. ती शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतील जिवाणू तिला हवेतले नत्र पुरवू शकतात आणि प्रयोग फसतो.

आठवीच्या वाफ्यांना आम्ही नंतर कुजलेले शेणखत आणि थोडा युरिया द्यायला सांगितले. रोपे सावरली, पण मिरची उशिरा आली. पुढच्या वर्षी त्याच वाफ्यांतली माती हाताला भुसभुशीत लागली. लाकूड कुजत आले होते, सूक्ष्मजीव मरत होते आणि त्यांच्या शरीरात अडकलेले नत्र पुन्हा मातीत सुटत होते. ते नाहीसे झालेच नव्हते, उसने गेले होते. ही गोष्ट आम्ही त्या शाळेत जाऊन मुलांसमोर सांगितली. त्यांनी पाणी घालण्यात कसूर केली नव्हती, हेही सांगितले. सल्ला देताना क्रियापद नीट निवडायला मात्र आम्ही त्या मुलांकडून शिकलो.