कचऱ्याचा ठेका आणि भंगारचा धंदा

नगरपालिकेने कचऱ्याची निविदा काढली की आपला भंगारवाला ती बातमी वरवर वाचतो आणि तो पेपर रद्दीच्या गठ्ठ्यात टाकतो. आपला काय संबंध? संबंध थेट गल्ल्याशी आहे. घराघरांतून निघणारा पुठ्ठा, बाटली, पत्रा ज्याच्या हाती पडेल, त्याच्याकडूनच गोदामात माल येणार.

निविदाच नको, ज्या त्या घराने आपला माणूस ठरवावा आणि पैसे मोजावेत, असे काही जण म्हणतात. व्यापाऱ्याला हे पटते. स्पर्धेने भाव उतरतो हे त्याला कोणी सांगायला नको. पण कचऱ्याचे गणित निराळे. आयर्लंडमध्ये अशी खुली पद्धत आहे. तिथे एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या फिरतात. म्हणजे तेवढ्याच घरांसाठी डिझेल आणि मजुरी जास्त. शिवाय जो पैसे देत नाही त्याचा कचरा नाक्यावर येऊन पडला, तर वास पैसे देणाऱ्यालाही येतोच.

मग एकाच ठेकेदाराला काम द्यावे, तर खोच करारात असते. बिल टनावर निघत असेल तर ठेकेदाराला वजन हवे. माल वेगळा करण्यात त्याचा तोटा, माती मिसळली तर फायदा! ओल्या कचऱ्यात भिजलेला पुठ्ठा मग डेपोत जातो. तुमच्या काट्यावर तो येतच नाही.

पुण्यात मधली वाट निघाली. तिथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. घरे वेचकाला दरमहा शुल्क देतात. सुका माल विकून येणारा पैसा त्याचाच. साहजिकच तो माल घरातच वेगळा मागतो, कोरडा ठेवतो. भंगारवाल्याला आणखी काय हवे? अर्थात शुल्क चुकवणारी घरे तिथेही आहेत, आणि कराराच्या नूतनीकरणाची टांगती तलवारही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत असंघटित कचरा गोळा करणाऱ्यांची जी व्याख्या होती, तिच्यात सुका माल घेणारे-विकणारे व्यापारीही मोडत होते. त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे त्या नियमांनी नगरपालिकांना सांगितले. तेव्हा आपल्या गावात निविदा निघाली की मसुदा मागून घ्यावा. बिल टनावर की घरांवर, आणि सुका माल कोणाचा, ही कलमे आधी वाचावीत. हरकत असेल तर ठेका मंजूर होण्यापूर्वीच लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.